चिमुकल्या इंजिनांचे सुटे भाग

१९३८ साली इंग्लंडातील लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने विजेवर धावणारी ‘हॉर्न्बी डब्लो’ ही खेळण्यातील आगगाडी विकावयास काढली. १९७९ साली तो कारखाना कायमचा बंद पडला. परंतु त्या गाडीची इंजिने आजही शौकिनांपाशी आहेत.

मोटारीला वीज पोहोचविणारे कार्बनचे ब्रश झिजले, तर नवे मिळतात. लोहचुंबक क्षीण झाला, तर त्यास पुन्हा चुंबकत्व देता येते. एखादे दंतचक्र मोडले, की मात्र पंचाईत! मग तशाच दुसऱ्या नादुरुस्त इंजिनाचे चक्र काढून बसवावे लागते. एक धावू लागते. दुसऱ्याचा सांगाडा उरतो. म्हणून जाणता कारागीर त्या दुसऱ्या इंजिनाचा पहिला स्क्रू काढण्यापूर्वी ते पुसून, तेल देऊन, एकवार रुळावर ठेवून पाहतो. न जाणो, तेच धावू लागायचे!