मणी, माळ आणि जाळं : कृत्रिम बहुवारिके कशी तयार होतात?



प्लॅस्टिकची फुटकी बादली वितळवून तिची नवी वस्तू करता येते. कुकरच्या काळ्या मुठीचं मात्र तसं होत नाही. कितीही तापवली तरी ती वितळत नाही, शेवटी करपते. आपण दोन्हींना प्लॅस्टिकच म्हणतो. मग हा फरक कशामुळे? मुलांना व्याख्या पाठ करायला लावण्याआधी हा प्रश्न विचारून बघा. सगळा पाठ त्यातूनच उलगडतो.

लहान रेणू म्हणजे मणी, अर्थात एकवारिक. असे शेकडो-हजारो मणी रासायनिक बंधांनी जोडले की बहुवारिक तयार होतं. कापूस, रेशीम, नैसर्गिक रबर ही निसर्गाने केलेली बहुवारिके. कारखान्यात तयार होतात ती कृत्रिम. मणी जोडण्याच्या मुख्य रीती दोन.

१. समावेशन बहुवारिकन
इथिलीनच्या रेणूत दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. त्यातला एक बंध उघडला की दोन्ही कार्बन शेजारच्या रेणूंना जोडले जातात. या रीतीत काहीही बाहेर पडत नाही. असं पॉलिथीन तयार होतं. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये प्रचंड दाबाखाली प्रयोग करताना ते अचानक मिळालं, मेणासारखा पांढरा पदार्थ म्हणून. अभिक्रिया सुरू व्हायला आत शिरलेला किंचित ऑक्सिजन कारणीभूत होता, हे नंतर कळलं. पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन आणि टेफ्लॉन याच गटातले.

२. संघनन बहुवारिकन
इथे दोन एकवारिके जोडली जाताना पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर पडतो. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन ६६ तयार झालं. त्याच्या दोन्ही एकवारिकांत सहा-सहा कार्बन असतात, म्हणून नाव ६६! पाण्याच्या बाटलीचं पेट आणि कपड्यांचं पॉलिएस्टर हे रासायनिकदृष्ट्या एकच, आणि तेही याच रीतीने होतं.

वर्गात करून घ्या
दहा मुलं ओळीत उभी करा. प्रत्येकाने स्वतःचेच दोन्ही हात एकमेकांत गुंफायचे. हा दुहेरी बंध. शिक्षकाने पहिल्याला हात लावला की त्याने हात सोडून शेजाऱ्याचा धरायचा, मग शेजाऱ्याने पुढच्याचा. झालं समावेशन! दुसऱ्या फेरीत प्रत्येकाच्या दोन्ही हातांत खडूचे तुकडे द्या. हात धरायचा तर खडू खाली टाकावाच लागतो. तेच संघनन, पडलेला खडू म्हणजे पाणी.

आता मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करा आणि जागोजागी दोरीने एकमेकींना बांधा. एक रांग सरकवून दाखवा म्हणावं! सरकत नाही, कारण माळांचं जाळं झालं.

३. माळ की जाळं?
बादलीतल्या माळा सुट्या असतात. उष्णतेने त्या एकमेकींवरून सरकतात, म्हणून बादली मऊ होते. हे उष्मामृदू प्लॅस्टिक. बेकेलाइटमध्ये, म्हणजे कुकरच्या मुठीत किंवा जुन्या काळ्या स्विचमध्ये, बंधांचं जाळं असतं. ते उष्मादृढ. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून ते तयार केलं. सुरुवातीचा प्रश्न इथे सुटतो.

पालकांसाठी महत्त्वाचं
पाणी तापवायला बंब पेटवताना अनेक घरांत प्लॅस्टिक टाकतात. तसं करू नका. पीव्हीसीच्या रेणूत क्लोरीन असतं. पाइपचे तुकडे किंवा वायरचं आवरण जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला जाळतो; डायॉक्सिनसारखी घातक संयुगेही तयार होतात. बंबाशेजारी बहुतेक वेळा घरातली बाई नाहीतर मूलच असतं, हे विसरू नका.

गृहपाठ
घरातल्या डब्या-बाटल्यांच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात अंक शोधा : १ म्हणजे पेट, २ जास्त घनतेचं पॉलिथीन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचं पॉलिथीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन. वस्तूंची यादी करून पुढे दोन रकाने भरा : समावेशन की संघनन? माळ की जाळं? काहीही तापवून किंवा जाळून पाहायचं नाही. फक्त वाचायचं आणि विचार करायचा.