गोठलेल्या धबधब्याची वाट

प्रस्तावना

पावसाळ्यात आपण धबधबा पाहिला असेल. साताऱ्याजवळचा ठोसेघरचा धबधबा पावसात गर्जत कोसळतो आणि उन्हाळा जवळ येईल तसा रोडावत जातो. सह्याद्रीतील बहुतेक धबधब्यांची हीच रीत आहे : पाऊस सरला की ते आटतात. हिमालयात मात्र काही धबधबे हिवाळ्यात आटत नाहीत, तर जागच्या जागी गोठतात. असे धबधबे पाहण्यासाठी दरवर्षी अनेक लोक वाटाड्याच्या सोबतीने पायी जातात. लडाखमधील झंस्कार नदीवरील अशाच एका वाटेची ओळख या पाठात करून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• धबधबा व नदी कशी गोठते, हे सांगता येईल;
• उंच प्रदेशात जाताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करता येईल;
• अनुभवातून मिळणाऱ्या ज्ञानाचे महत्त्व लिहिता येईल;
• धातुसाधित शब्द ओळखता येतील.

मूळ पाठ

१. मयूर विहार ते लेह

मयूर विहार ही पूर्व दिल्लीतील, यमुनेच्या काठची वसाहत. जानेवारीत येथील सकाळ अनेकदा दाट धुक्यात उजाडते. संजय झील या तलावाकडे फिरायला निघालेली माणसे स्वेटर, मफलर आणि शाल यांत गुरफटलेली असतात. चहाच्या टपरीपाशी शेकोटी पेटलेली असते. पारा कधी कधी तीन-चार अंशांपर्यंत उतरतो आणि ‘यंदा थंडी फार’ असे जो तो म्हणतो. तरीही तलावाचे पाणी गोठत नाही, यमुनेचा प्रवाहही थांबत नाही. त्यामुळे येथून लडाखला निघालेल्या पदयात्रीला पुढे कोणती थंडी भेटणार आहे, याचा अंदाज दिल्लीच्या थंडीवरून बांधता येत नाही. झंस्कारच्या घळीत रात्रीचे तापमान शून्याखाली वीस अंश आणि त्याहूनही खाली जाते.

दिल्लीहून लेहला विमानाने पोहोचण्यास सुमारे सव्वा तास लागतो. समुद्रसपाटीपासून दिल्लीची उंची सुमारे २१५ मीटर, तर लेहची सुमारे ३,५०० मीटर आहे. म्हणजे सव्वा तासात माणूस तीन हजार मीटरहून अधिक वर जातो. शरीराला इतका वेगवान बदल मानवत नाही. लेहची हवा विरळ असते. एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेने सुमारे दोन-तृतीयांशच असतो. त्यामुळे डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, जिना चढतानाही धाप लागते. ही लक्षणे अंगावर काढून पुढे गेल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून जिवावर बेतू शकते.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस लेहमध्येच विश्रांती घ्यावी लागते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले जाते. प्रकृती ठीक नसेल, तर पुढे जाण्याची परवानगी मिळत नाही. रजा काढून, पैसे साठवून आलेल्या माणसाला हा नकार फार लागतो. परंतु लेहमधून घरी परतणे सोपे असते. गोठलेल्या घळीतून आजारी माणसाला परत आणणे अतिशय अवघड असते.

पाठगत प्रश्न १
(अ) लेहला पोहोचताच पदयात्री लगेच पुढे का जात नाहीत?
(आ) विरळ हवेचा त्रास होत असल्याची कोणतीही दोन लक्षणे लिहा.

२. चादर म्हणजे काय?

झंस्कार ही सिंधूची उपनदी. लेहच्या पश्चिमेला निम्मू गावाजवळ ती सिंधूला मिळते. त्याआधी ती उंच, उभ्या कड्यांमधील एका अरुंद घळीतून वाहते. या घळीत हिवाळ्यात ऊन क्वचितच उतरते. जानेवारी-फेब्रुवारीत नदीच्या पृष्ठभागावर बर्फाचा थर धरतो. जणू नदीने अंगावर चादर ओढून घेतली आहे, असे दिसते. म्हणूनच या वाटेला ‘चादर’ म्हणतात.

आज बाहेरचे लोक हौसेने या वाटेने जातात. झंस्कारच्या रहिवाशांसाठी मात्र ती गरजेची वाट होती. कारगिलकडून झंस्कारला येणारा रस्ता सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या पेन्सी ला खिंडीतून येतो आणि हिवाळ्यात हिमवर्षावामुळे बंद होतो. अशा वेळी गोठलेली नदी हाच बाहेर पडण्याचा मार्ग असे. याच वाटेने झंस्कारी माणसे पाठीवर लोणी घेऊन लेहच्या बाजारात जात आणि गरजेच्या वस्तू घेऊन परतत. याच वाटेने आईवडील मुलांना लेहच्या शाळांत पोहोचवीत. रात्री ते कड्यांतील गुहांमध्ये मुक्काम करीत. आजचे पदयात्री तंबूत झोपतात. परंतु तिब्बची गुहा आजही या वाटेवरील ओळखीची खूण आहे.

पदयात्रींची वाट धातुकामासाठी प्रसिद्ध असलेल्या चिलिंग गावाच्या परिसरातून सुरू होते. तेथून बर्फावरून चालत, मुक्काम करीत ते नेरक गावाखाली पोहोचतात. तेथे कड्यावरून उतरणारा धबधबा गोठून उभा असतो. या प्रवासाचे शेवटचे ठिकाण बहुतेकांसाठी तेच असते.

३. धबधबा कसा गोठतो?

वाहते पाणी गोठणार कसे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की, धबधबा एकाएकी गोठत नाही. पडत्या पाण्याचे तुषार थंडगार खडकावर उडतात आणि तेथेच गोठतात. कड्याच्या काठावरून ठिबकणाऱ्या थेंबांचे लोंबते सुळे तयार होतात. तळाशी पडलेल्या पाण्याचा ढीग वर वाढत जातो. वरून येणारे सुळे आणि खालून वाढणारा ढीग एकमेकांना मिळाले की बर्फाचा खांब उभा राहतो. असे अनेक खांब जोडले गेले की गोठलेला धबधबा तयार होतो. आतून मात्र बऱ्याचदा पाणी वाहतच असते. बर्फाला कान लावला, तर त्याची झुळझुळ ऐकू येते.

या बर्फाचा रंगही पाहण्यासारखा असतो. ज्या बर्फात हवेचे बुडबुडे अधिक असतात, तो पांढरा दिसतो. दाट आणि स्वच्छ बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून तो निळसर दिसतो.

नदीची रीत थोडी वेगळी आहे. काठाजवळ प्रवाह मंद असतो, म्हणून तेथे बर्फ आधी धरतो. मधल्या प्रवाहातून बर्फाचे बारीक कण वाहत येतात आणि काठच्या बर्फाला चिकटतात. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तरंगतो. म्हणून नदी वरून गोठते आणि खालून वाहत राहते. चादरीवर चालणारा प्रत्येक माणूस वाहत्या नदीवर चालत असतो, हे त्याने क्षणभरही विसरता कामा नये.

पाठगत प्रश्न २
(अ) झंस्कारच्या रहिवाशांना हिवाळ्यात चादरीची गरज का भासे?
(आ) नदीचा काठ मधल्या प्रवाहाआधी का गोठतो?

४. बर्फ वाचणारा वाटाड्या

चादर रोज सारखी नसते. काल जेथे बर्फ होता, तेथे आज पाणी असू शकते. पुढे बर्फाचे तुकडे अडकून प्रवाह तुंबला, तर पाणी बर्फावर चढते. आकाश निरभ्र असेल, तर रात्री जमिनीची उष्णता निघून जाते आणि बर्फ घट्ट होतो. ढग दाटले, तर ही उष्णता अडते, रात्र कमी थंड होते आणि बर्फ कच्चा राहतो. नव्याने पडलेले भुसभुशीत हिम तर दुहेरी धोक्याचे. ते खालच्या बर्फाला गोधडीसारखे ऊबदार ठेवते आणि त्यातील भेगाही झाकून टाकते.

म्हणून सर्वांत पुढे स्थानिक वाटाड्या चालतो. हातातील काठीने तो बर्फावर ठोके देतो. आवाज भरीव आला, तर पाऊल पुढे पडते. पोकळ आला, तर वाट बदलते. बर्फाचा रंग, त्यावरची ओल, खालून येणारा पाण्याचा आवाज या सर्वांवर त्याचे लक्ष असते. मागच्यांनी त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवायचे, एकमेकांत अंतर राखायचे आणि पाय न उचलता सरकवत चालायचे, असा नियम असतो. पायांत महागड्या बुटांपेक्षा साधे रबरी गमबूट अधिक उपयोगी पडतात, कारण वाटेत पाण्यातूनही जावे लागते. तंबू, धान्य आणि भांडी यांचे ओझे भारवाहक घसरगाडीवर ठेवून ओढत नेतात. मुक्कामावर सर्वांच्या आधी पोहोचून चहा ठेवणारी माणसेही तीच.

झंस्कारच्या जुन्या पिढीतील अनेकांना शाळेत जाण्याची संधी फारशी मिळाली नाही. परंतु बर्फाचे हे पुस्तक त्यांना अक्षरशः वाचता येते. वडिलांच्या मागून लोण्याचे ओझे घेऊन चालताना त्यांनी हे शिक्षण घेतलेले असते. त्यात चूक झाली, तर गुण कमी होत नाहीत. जीव धोक्यात येतो.

या ज्ञानाची खरी कसोटी पुढे जाण्यात नसते, थांबण्यात असते. कधी धबधबा एक-दोन वळणांवर राहिलेला असतो आणि वाटाड्या हात वर करून सर्वांना थांबवतो. पुढचा बर्फ फुटलेला असतो. कड्यावरून वळसा घालणे शक्य नसेल, तर परतावे लागते. दिल्लीहून आलेल्या पदयात्रीला वाटते, ‘एवढ्या दूर येऊन धबधबा न पाहताच जायचे?’ वाटाड्यालाही हा निर्णय सोपा नसतो. त्याची हिवाळ्यातील कमाई या प्रवासांवरच अवलंबून असते. तरीही तो ‘परत फिरा’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या लाभापेक्षा सोबतच्या माणसांचा जीव मोठा मानत असतो.

जानेवारी २०२० मध्ये नेरकजवळ बर्फ फुटल्यामुळे अनेक पदयात्री अडकून पडले. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना बाहेर काढले. त्याआधी ३१ डिसेंबर २०१४ रोजी झंस्कारच्या फुगतल या उपनदीवर दरड कोसळून प्रवाह अडला आणि मागे मोठे सरोवर साचले. बांध फुटण्याचा धोका ओळखून २०१५ च्या हिवाळ्यात चादरीवरील पदभ्रमण थांबवण्यात आले. ७ मे २०१५ रोजी तो बांध खरोखरच फुटला आणि अनेक पूल वाहून गेले. थांबण्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे तेव्हा सर्वांना पटले.

५. वाटेचे भवितव्य

आता झंस्कारचे जीवन बदलत आहे. मार्च २०२४ मध्ये सीमा रस्ते संघटनेने निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला. या रस्त्याचा एक भाग याच घळीतून जातो. रस्ता आला म्हणजे आजारी माणसाला वेळेवर रुग्णालय मिळेल, मुलांना शाळा जवळ येईल. ज्यांनी बर्फावर जीव मुठीत धरून प्रवास केला, त्यांना रस्त्याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र चादरीची वाट मोडली, तर बर्फ वाचण्याची विद्याही हळूहळू विसरली जाईल. हवामान बदलत असताना तर तिची गरज वाढणारच आहे.

पदयात्री मयूर विहारला परततो, तेव्हा धुके तसेच असते, टपरीवरची शेकोटीही तशीच असते. त्याच्याजवळ धबधब्याचे छायाचित्र असेल किंवा नसेलही. परंतु जाणत्या माणसाचा शब्द मानून वेळेवर मागे फिरणे हा पराभव नव्हे, एवढे जरी तो शिकून आला असेल, तरी त्याचा प्रवास सार्थकी लागला असे म्हणावे लागेल.

शब्दार्थ

घळ – दोन कड्यांमधील अरुंद, खोल जागा
वाटाड्या – वाट दाखवणारा
तुषार – पाण्याचे बारीक थेंब
निरभ्र – ढग नसलेले
भारवाहक – ओझे वाहणारा
जीव मुठीत धरणे – अतिशय भीतीने वावरणे
सार्थकी लागणे – उपयोगी पडणे, सफल होणे

भाषाभ्यास

‘गोठ’ या धातूपासून तयार झालेले शब्द पाहा :
• पाणी गोठणे स्वाभाविक आहे. (नाम)
• गोठलेला धबधबा निळसर दिसतो. (विशेषण)
• नदी गोठून तिची वाट झाली. (अव्यय)

धातूला प्रत्यय लागून तयार होणाऱ्या अशा शब्दांना धातुसाधिते किंवा कृदन्ते म्हणतात. ‘फुट’ आणि ‘वाच’ या धातूंपासून अशीच धातुसाधिते तयार करून वाक्यांत उपयोग करा.

आपण काय शिकलो?

• उंच प्रदेशात शरीराला विरळ हवेची सवय होऊ देणे आवश्यक असते.
• नदी वरून गोठते, पण खालून वाहत राहते.
• चादर ही झंस्कारी लोकांच्या गरजेतून रुळलेली वाट आहे.
• अनुभवाने मिळालेले ज्ञानही पुस्तकी ज्ञानाइतकेच मोलाचे असते.

पाठान्त प्रश्न

१. गोठलेला धबधबा कसा तयार होतो, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘या ज्ञानाची खरी कसोटी पुढे जाण्यात नसते, थांबण्यात असते.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. रस्त्यामुळे झंस्कारच्या लोकांना काय मिळेल आणि ते काय गमावतील? आपले मत लिहा.
४. आपल्या परिसरातील शेतकरी, मच्छीमार, गवंडी किंवा सुईण यांपैकी एका व्यक्तीशी बोला. तिला अनुभवातून मिळालेल्या ज्ञानाविषयी दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) विरळ हवेची शरीराला सवय व्हावी आणि वैद्यकीय तपासणी व्हावी म्हणून. (आ) डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे, धाप लागणे यांपैकी कोणतीही दोन.
२. (अ) हिमवर्षावामुळे पेन्सी ला खिंडीतील रस्ता बंद होत असे आणि बाहेर पडण्यास दुसरा मार्ग नसे. (आ) काठाजवळ प्रवाह मंद असतो म्हणून.