शब्दांत दडलेले कोडे

प्रस्तावना

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी. या शहरात मराठी भाषक कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहत आहेत. अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला आणि पुढे १९५६ पर्यंत तो ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी येथे काही पाहुणी नाही. अशा कुटुंबातील व्यक्ती घरी मराठी बोलते, शाळेत व कचेरीत हिंदी वापरते आणि बाजारात छत्तीसगढी ऐकते. मराठीत ज्याला ‘कोडे’ म्हणतात, त्याला हिंदीत ‘पहेली’ आणि छत्तीसगढीत ‘जनउला’ असे नाव आहे. मात्र नावे बदलली म्हणजे केवळ पाटी बदलली, असे होत नाही. एका भाषेत अवघड असलेले कोडे दुसरीत सोपे होते, तर कधी ते कोडेच उरत नाही.

हा विषय केवळ करमणुकीचा नाही. नोकरीसाठी होणाऱ्या बहुतेक स्पर्धा परीक्षांत तर्कक्षमतेचे प्रश्न असतात. उत्तर चुकले की आपली बुद्धीच कमी पडली, असे परीक्षार्थी समजतो. शाळा मध्येच सुटलेल्या प्रौढ विद्यार्थ्याच्या मनात तर ही समजूत फार लवकर घर करते. वास्तविक पुष्कळदा हिशेब बरोबर असतो. वाक्य नीट वाचलेले नसते. हा पाठ अभ्यासल्यानंतर एखादे विधान नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तुम्हाला ओळखता येईल.

डॉक्टर कोण?

एक प्रसिद्ध कोडे असे आहे. रस्त्यावर अपघात होतो. वडील जागीच मरण पावतात. जखमी मुलाला रुग्णालयात आणले जाते. तेथील शल्यचिकित्सक मुलाकडे पाहतात आणि म्हणतात, “मला याच्यावर शस्त्रक्रिया करता येणार नाही. हा माझा मुलगा आहे.” हे कसे शक्य आहे?

उत्तर सरळ आहे: शल्यचिकित्सक ही त्या मुलाची आई आहे. ‘डॉक्टर’ म्हटल्याबरोबर अनेकांच्या डोळ्यांसमोर पुरुष उभा राहतो, म्हणून उत्तर सुचत नाही. पण आता कोड्याच्या भाषेकडे पाहा. त्यात ‘पाहतात’, ‘म्हणतात’ असा वर्तमानकाळ आहे. तो सहज आलेला नाही. मराठीत आदरार्थी वर्तमानकाळी क्रियापद स्त्रीला आणि पुरुषाला सारखेच चालते. हेच कोडे भूतकाळात सांगायला घ्या. ‘डॉक्टर म्हणाल्या’ असे लिहिले, तर उत्तर प्रश्नातच येऊन बसते. ‘डॉक्टर म्हणाले’ असे लिहिले, तर कोडे घालणाराच खोटे बोलतो. डॉक्टरांच्या तोंडचे वाक्यही ‘मी शस्त्रक्रिया करणार नाही’ किंवा ‘मला करता येणार नाही’ असेच ठेवावे लागते. ‘मी करत्ये’ किंवा ‘मी करतो’ म्हटले की संपले!

गंमत अशी, की हिंदीत नेमके याच्या उलट घडते. ‘डॉक्टर कहते हैं’ किंवा ‘कहती हैं’ या वर्तमानकाळी रूपांतून लिंग कळते. पण ‘डॉक्टर ने कहा’ या भूतकाळी रूपातून ते कळत नाही. म्हणजे हिंदीत हे कोडे भूतकाळात सांगावे लागते आणि मराठीत वर्तमानकाळात. छत्तीसगढीत तर ही अडचणच नाही. तेथे क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. ‘डाक्टर कहिस’ हे स्त्रीलाही लागू आणि पुरुषालाही. रायपूरच्या एखाद्या घरात आजी हे कोडे मराठीत सांगू लागली, नातू हिंदीत आणि शेजारीण छत्तीसगढीत, तर तिघांना तीन वेगवेगळ्या वाटांनी जावे लागेल. तर्क तिघांचाही एकच.

काल, परवा आणि ‘कल’

दिवस ओळखण्याचे प्रश्न परीक्षांत नेहमी येतात. ‘कल के दो दिन बाद गुरुवार है, तो आज कौन-सा दिन है?’ हिंदीत ‘कल’ म्हणजे कालचा दिवसही होतो आणि उद्याचाही. एरवी ‘आया था’, ‘आएगा’ अशा क्रियापदांवरून अर्थ उलगडतो. येथे तसा आधार नाही. ‘कल’ म्हणजे उद्या मानले, तर आज सोमवार येतो. काल मानले, तर बुधवार. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ हे शब्द वेगळे असल्यामुळे हा घोटाळा होत नाही. म्हणून मराठी माणसाने फार खूश होण्याचे कारण नाही. ‘परवा शनिवार’ एवढेच कोणी म्हटले, तर आज सोमवार आहे की गुरुवार, हे मराठीतही ठरवता येत नाही.

‘च’ कुठे बसतो?

मराठीतील ‘च’ हे अव्यय एका अक्षराचे आहे. पण तर्काच्या दृष्टीने त्याचे वजन मोठे आहे. रायपूरच्या गोलबाजारातील एखाद्या दुकानाविषयी पुढील तीन वाक्ये ऐकली, असे समजा. ‘सोमवारीच दुकान बंद असते.’ ‘सोमवारी दुकानच बंद असते.’ ‘सोमवारी दुकान बंदच असते.’ पहिल्या वाक्यावरून मंगळवारी दुकान उघडे असेल, असे अनुमान काढता येते. तिसऱ्या वाक्यावरून ते काढता येत नाही; त्यात मंगळवारविषयी एक शब्दही नाही. दुसऱ्या वाक्यात जोर दुकानावर आहे, वारावर नाही.

प्रत्ययांचेही असेच आहे. एक वही आणि एक पेन मिळून ११० रुपये होतात. वही पेनापेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर पेन केवढ्याचे? बहुतेक जण झटकन ‘१० रुपये’ म्हणतात. पेन १० रुपयांचे असेल, तर वही ११० रुपयांची होईल आणि बेरीज १२० येईल. बरोबर उत्तर ५ रुपये. अमेरिकी अभ्यासक शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये बॅट आणि चेंडूच्या किमतीवरून अशाच धाटणीचा प्रश्न विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना विचारला होता. तेथेही अनेक जण फसले. मराठीत सारी चूक ‘नी’ या प्रत्ययात आहे. ‘१०० रुपयांनी महाग’ हे शब्द घाईत ‘१०० रुपयांची’ असे वाचले जातात. ‘वहीची किंमत ही पेनाच्या किमतीत १०० रुपये मिळवल्यावर येणारी किंमत आहे’ असे स्वतःच्या शब्दांत लिहून काढले, तर सहसा चूक होत नाही.

‘तर’ आणि ‘तरच’

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये चार पत्त्यांचे एक कोडे मांडले. मराठी अक्षरांत ते असे होईल. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. टेबलावर अ, क, ४ आणि ७ दिसत आहेत. नियम असा: ‘एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.’ नियम खरा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहणे आवश्यक आहे?

पुढे वाचण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहून ठेवा.

बहुतेकांचे उत्तर ‘अ आणि ४’ असे येते. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’ हे आहे. ७ च्या मागे स्वर निघाला, तर नियम मोडेल. ४ च्या मागे काहीही निघाले, तरी नियमाला धक्का लागत नाही. कारण सम अंकामागे स्वर असलाच पाहिजे, असे नियम म्हणत नाही. तसे म्हणायचे असते, तर ‘स्वर असेल तरच’ असे लिहावे लागले असते. रोजच्या बोलण्यात आपण ‘तर’ ऐकून ‘तरच’ समजतो. ‘अभ्यास केलास, तर जत्रेला नेईन’ असे आई म्हणाली, की न केल्यास नेणार नाही, हे मूल आपोआप धरून चालते. घरात ते योग्यच असते. कोड्यात मात्र ही सवय आड येते.

जोनाथन इव्हान्स यांनी १९७० च्या दशकात याच कोड्यात नियमाला नकार जोडून पाहिला: स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक नसतो. आता ‘अ आणि ४’ हेच उत्तर बरोबर ठरते आणि पुष्कळ लोक ते बरोबर देतात! म्हणजे लोक नियमात ज्यांचा उल्लेख आहे, तेच पत्ते उचलतात. ७ चा उल्लेख नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो.

आता शब्दांबरोबर प्रसंगही बदलून पाहा. बसमधील नियम आहे: ‘सवलतीचे तिकीट घेणाऱ्याचे वय किमान ६० असले पाहिजे.’ समोर चार प्रवासी आहेत. एकाजवळ सवलतीचे तिकीट आहे, दुसऱ्याजवळ पूर्ण तिकीट. तिसऱ्याचे वय ७०, चौथ्याचे ३५. कोणाची तपासणी करावी? पहिल्याचे वय विचारावे आणि पस्तिशीच्या प्रवाशाचे तिकीट पाहावे, हे कोणताही वाहक सांगेल. सत्तर वर्षांच्या आजोबांना त्रास देण्याचे कारण नाही. कोड्याचा सांगाडा पत्त्यांचाच आहे. अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये मद्यपानाच्या वयाचा नियम घेऊन असा प्रयोग केला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिले. पत्त्यांचा खेळ न जमलेला माणूस तर्कशून्य असतो, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

२०२३ मध्ये कर्मचारी निवड आयोगाची मल्टी टास्किंग स्टाफ परीक्षा हिंदी व इंग्रजीखेरीज मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांत प्रथमच झाली. ही सोय मोठी आहे. पण मूळ प्रश्नातील ‘कल’चे मराठी करताना अनुवादकाला ‘काल’ किंवा ‘उद्या’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते आणि तेवढ्याने उत्तर ठरून जाते.

पाठगत प्रश्न

१. ‘सगळ्या खिडक्या बंद नाहीत.’ या वाक्याचे दोन अर्थ लिहा. एकच अर्थ निघावा, यासाठी वाक्य कसे बदलाल?

२. शल्यचिकित्सकाचे कोडे तुमच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भाषेत सांगून पाहा. कोणत्या शब्दापाशी अडले, ते लिहा.