चित्रातील कथा आणि कथेतील चित्र

कथा आणि चित्र या दोन्ही कला गोष्ट सांगतात, असे आपण सहज बोलून जातो. परंतु त्यांची साधने भिन्न आहेत. जर्मन विचारवंत लेसिंग याने १७६६ साली ‘लाओकून’ या ग्रंथात हा भेद मांडला. शब्द एकामागून एक येतात, म्हणून साहित्याचे क्षेत्र काळ. रंग आणि आकार एकाच वेळी शेजारी शेजारी असतात, म्हणून चित्राचे क्षेत्र अवकाश. यास्तव चित्रकाराने मागचे व पुढचे दोन्ही सुचवणारा एकच क्षण निवडावा, असे त्याचे म्हणणे. हे मत मोलाचे आहे. पण आपल्याकडील चित्रांना ते पुरे पडत नाही.

अजिंठ्याचे सतरावे लेणे घेऊ. पाचव्या शतकातील या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलेले आहे. दानशूर राजपुत्र विश्वंतर राज्याला पाऊस मिळवून देणारा हत्ती देऊन टाकतो, प्रजा चिडते, त्याला वनवास घडतो आणि तेथे तो आपली मुलेही दान करतो. चित्रकाराने एक क्षण निवडलेला नाही. तोच विश्वंतर भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो. प्रसंगांना चौकटी नाहीत. महालाचा खांब, एखादे झाड किंवा खडक एवढाच काय तो आडोसा. अजिंठ्याच्या अनेक चित्रांत तर प्रसंग काळाच्या क्रमाने नसून स्थळाप्रमाणे मांडलेले आढळतात : राजवाड्यातले एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे. घटना जशी घडली तशीच ती सांगितली पाहिजे असे नाही, हा धडा कथालेखकाने येथे घ्यावा.

दुसरा धडा दहाव्या लेण्यातला. तेथील छद्दंत जातकाचे चित्र इसवी सनापूर्वीचे मानले जाते. पूर्वजन्मीचा राग मनात धरून राणी सहा सुळ्यांच्या हत्तीला मारण्यासाठी शिकारी धाडते. हत्ती मरतो, सुळे तिच्यापुढे येतात, आणि पूर्वजन्मी हाच आपला पती होता या आठवणीने ती कोसळते. पश्चात्ताप रंगवता येत नाही. चित्रकाराला रंगवता येतो तो फक्त शरीराचा तोल जाणे आणि भोवतीच्यांनी सावरणे. ‘तिला फार वाईट वाटले’ असे वाक्य लिहून आपण नवशिके लेखक मोकळे होतो. चित्रकाराला ही पळवाट नाही, म्हणूनच तो जास्त सांगून जातो.

मग शब्दांचे काम उरते कोठे? याचे उत्तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी मिळते. तेथील ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढे ठेवतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतो. चित्र थांबलेले असते, कथा पुढे सरकत असते. दोन चित्रांमध्ये जे घडते ते शब्द सांगतात. जे शब्दांत मावत नाही ते चित्र धरून ठेवते. श्रोत्याला अक्षरओळख नसली तरी पोथी त्याला कळते. ज्यांच्या घरात पुस्तक प्रथमच आमच्या पिढीबरोबर आले, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. अक्षर नसलेल्या घरांतही कथेची जाण होतीच.

या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. चित्रकथीची जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत. परंतु काचेमागचे चित्र टिकते, तोंडी चालत आलेले कथन मात्र सांगणाऱ्याबरोबर जाते. कथनावाचून पोथी म्हणजे पात्रे आहेत पण गोष्ट नाही, अशी अवस्था. म्हणून चित्रांइतकेच ते कथनही उतरवून व ध्वनिमुद्रित करून ठेवणे अगत्याचे आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे काम करता येण्याजोगे आहे.

सारांश, चित्रकार काळ अवकाशात मांडतो आणि कथाकार अवकाश काळात उलगडतो. दोघांनाही काय दाखवावे याबरोबरच काय वगळावे हे ठरवावे लागते. वगळलेली जागा प्रेक्षक आणि वाचक आपल्या अनुभवाने भरून काढतात. कथा लिहिणाऱ्या आपल्या मित्रांनी म्हणूनच पुस्तकांइतकीच चित्रेही सावकाश ‘वाचावीत’, एवढेच सुचवावेसे वाटते.