आवडता ढोल नकोसा का होतो?



गणपती जवळ आले हे पुणेकरांना कॅलेंडर न बघताही कळतं. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, की थोड्याच दिवसांत संध्याकाळी नदीपात्राकडून ढोल-ताशांचा आवाज येऊ लागतो. पहिल्या दिवशी आपण खिडकीकडे धावतो. पण महिनाभर रोज तोच ठेका ऐकला, की तीच खिडकी आपण लावून घेतो. असं का होतं बरं?

कारणे

एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, की त्यातली नवलाई संपते. चकली सगळ्यांना आवडते. पण ती दसऱ्याच्या आधीपासून रोज ताटात आली, तर दिवाळीला तिचं काय कौतुक राहील? सणाची निम्मी गंमत वाट पाहण्यात असते. शिवाय नको असलेलं ताट बाजूला सारता येतं, कान मिटता येत नाहीत. घरात आजारी माणूस किंवा अभ्यासाला बसलेलं मूल असेल, तर कंटाळ्याचा त्रास होतो.

दुसरी बाजू

आता वादकांचंही ऐकू या. जड ढोल कमरेला बांधून मिरवणुकीत तासन् तास वाजवायचा आणि सगळ्यांचे ठोके एकाच वेळी पडायला हवेत. हे चार दिवसांत जमत नाही. वस्तीपासून जरा लांब म्हणून नदीपात्र बरं पडतं. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं, की तिथला रस्ता बंद होतो आणि दुसरी जागा शोधावी लागते.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. ढोलाला सराव लागतो; स्पीकरवरच्या गाण्याला लागत नाही! ते महिनाभर आधी लावायची गरजच काय?

नियम काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आणि ६५ डेसिबल म्हणजे ५५ पेक्षा 'थोडा जास्त' आवाज नव्हे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते.

मग करायचं काय?

सरावाची वेळ ठरवून ती पाळावी. नवख्यांना ठेका आधी टाळ्यांवर शिकवावा. रहिवाशांनीही भांडायला जाण्याआधी, "आमच्याकडे परीक्षा आहे, आज जरा लवकर थांबाल का?" असं विचारून बघावं. आधीपासून वाजवलं म्हणून बाप्पा लवकर येत नाहीत. ते चतुर्थीलाच येतात. त्या दिवशी पहिला ठोका पडताच अंगावर काटा यावा, एवढी जागा कानात शिल्लक ठेवू या.

स्वाध्याय

१. सणाच्या आनंदात वाट पाहण्याला महत्त्व का आहे?
२. ढोलाचा सराव आणि स्पीकरवरची गाणी यांत लेखात कोणता फरक सांगितला आहे?
३. ढोल पथकाला सरावाची वेळ बदलण्याची विनंती करणारे पत्र लिहा.