हार्डनरची बाटली

चि. बाळूस,

काल रात्री आक्काचा फोन आला होता. तू शेडात फायबरची बोट बांधायला घेतलीस, वासानं घरात बसवत नाही, दाजी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत, हे सगळं सांगून झाल्यावर ती जाता जाता म्हणाली, “अन् ते कसलं औषध त्यानं पाण्याच्याच बाटलीत भरून देवळीत ठेवलंय.” बाकीचं मी विसरलो. रात्रभर ती बाटली डोळ्यापुढून हलली नाही.

ते रेझिन घट्ट करणारं हार्डनर आहे ना? दिसायला स्वच्छ पाण्यासारखं. दाजी अर्ध्या झोपेत हाताला येईल ती बाटली तोंडाला लावतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ताईचं लेकरू सुट्टीला आलेलं आहे, ते तर नुकतंच चालायला लागलंय. आक्काला मी फोनवर सांगितलं, पण तुझी वस्तू हलवायला ती भिते. तूच ऊठ. ज्या डब्यात ते दुकानातून आलं त्याच डब्यात ते राहिलं पाहिजे, वर चिठ्ठी लावून, सावलीत, चुलीपासून आणि कोबाल्टपासून लांब, घराबाहेर.

कोबाल्टचं दुकानदारानं तुला सांगितलं का? रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायची नाहीत, स्फोट होऊ शकतो. पुष्कळदा रेझिनमध्ये कोबाल्ट कारखान्यातूनच घातलेलं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय वरून टाकू नकोस.

भोसरीत मी ज्या शेडात पहिल्यांदा कामाला लागलो, तिथे माझ्याच वयाच्या एका पोराच्या डोळ्यात हार्डनर ओतताना थेंब उडाला. कुणी म्हणालं चोळू नको, कुणी म्हणालं डॉक्टरकडे ने, नळ कुणालाच सुचला नाही. तो डोळा परत आला नाही. असा थेंब गेला तर त्याच क्षणी वाहत्या पाण्यात डोळा उघडा धरायचा, निदान 15-20 मिनिटं, आणि दवाखाना त्यानंतर. चष्मा लावतोस का तू? आक्का म्हणाली, उघड्या अंगानं काम करतोस. लेका, तुझ्या डोळ्यांवर तुझं सगळं आयुष्य आहे रे.

आता बोटीसाठी घेतलेल्या तुझ्या थर्माकोलच्या लाद्या. तुझं रेझिन पॉलिएस्टर असणार, आपल्याकडे बहुतेक तेच मिळतं. त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोलला खातं. पहिला हात फिरवलास की लादी विरघळून खड्डा पडेल. थर्माकोलवर चालतं ते इपॉक्सी, पण ते तुझ्या खिशाला परवडणार नाही. पॉलिएस्टरच लावायचं तर शीतगृहाच्या भिंतींत भरतात तो कडक पीयू फोम घे. नाहीतर फोमचा नादच सोड. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या झाडाच्या साध्या लाकडाला फायबर चढवून होड्या केल्या. तूही चांगल्या प्लायला फायबर चढवू शकतोस. तरी फोमच हवा असेल तर एक ध्यानात धर: ताकद फोममध्ये नसते, त्याच्या आतून-बाहेरून चढवलेल्या फायबरच्या थरांत असते. एकाच बाजूला काचेची मॅट मारून मोकळा झालास तर येलदरी धरणाच्या खडकावर पहिल्याच दिवशी ती बोट मोडेल. जिथे बोल्ट यायचे तिथला फोम काढून लाकूड बसव आणि छिद्राच्या कडा रेझिननं बंद कर. तिथून पाणी आत शिरतं, आणि ते लवकर कळत नाही.

हे तू मे महिन्यात का काढलंस? परभणीचा पारा 44 वर असताना बादलीभर रेझिन कालवलंस तर ते बादलीतच तापून धूर सोडेल. एका किलोला 10 ते 20 मिली हार्डनर लागतं, उन्हाळ्यात कमीच. अर्ध्या किलोच्या वर एका वेळी कालवायचं नाही, ते पसरट भांड्यात, आणि काम पहाटे. 450 ग्रॅमची मॅट असेल तर एका चौरस मीटरला किलोभर रेझिन बसतं. पांढरे डाग दिसले म्हणजे तिथे मॅट कोरडी राहिली, रोलर फिरवून हवा काढ. घासताना उडणारी काच छातीत जाते, त्याला तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. आणि पुन्हा सांगतो, ती बाटली.

तुला वाटेल मामा पुण्यात बसून बोट बुडवायलाच निघालाय. तसं नाही. 21 मे 2024 ला उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा माणसं गेली. येलदरीचं पाणीही तसंच उघडं आहे, वळवाचा वारा तिथेही सांगून येत नाही. तू थर्माकोलच्या तराफ्यावर पाय पाण्यात सोडून जाळं टाकतोस, तेव्हा आक्का दारातून आत येत नाही. तराफ्यापेक्षा बोट बरीच, हे मला कळतं. फक्त ती रुंद कर, चार मीटर लांबीला सव्वा मीटर तरी रुंदी हवी. बोट पाण्यानं भरली तरी तरंगेल इतका फोम बाकाखाली बंद कर. शंभर लिटर फोम पाण्याखाली गेला की साधारण 95 किलो उचलून धरतो. आधी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम भरून बघ. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बोटीत ठेवायचं नाही.

तुझ्या आजोबांची आठवण येते. धरण झालं 1968 ला, आणि नदीचा मासा धरणारा आपला बाप धरणाचं अथांग पाणी बघून आधी घाबरला होता म्हणे. पुढे म्हातारपणापर्यंत ते ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकत राहिले. गुडघ्यांचं काय झालं ते तू पाहिलंस. मी तेव्हा भोसरीत बागांच्या तळ्यांसाठी पायडलच्या बोटी काढत होतो. पिवळ्या, लाल, हंसाच्या तोंडाच्या. किती काढल्या असतील! दर दिवाळीला गावी यायचो, नवे कपडे आणायचो, आणि बाप ट्यूब फुगवताना बघायचो. एकदाच म्हणाले, “तुझ्या हातची एखादी इकडं येईल का रे?” मी हसलो, म्हणालो बघू. ते गेले तेव्हा ट्यूब गोठ्यात टांगलेली होती.

म्हणून तू बोट बांधतोस हे ऐकून आधी भीती वाटली आणि पहाटे रडू आलं. आक्काला हे सांगू नको.

आता असं कर. पावसाळ्यात हवा दमट, काम नीट बसत नाही. तोवर लाकडाचा साचा कापून ठेव, मापं कागदावर काढून मला फोटो पाठव. मच्छीमार संस्थेच्या सचिवांना आणि परभणीच्या मत्स्य कार्यालयात जाऊन बोटीच्या अनुदानाचं विचार, लाजू नको. कोजागिरी झाली की मी येतो. माझे रोलर, वाफ अडवणारा मास्क, चष्मे सगळं घेऊन येतो. मॅट तू अंथर, हात मी फिरवतो. दाजींनाही बोलावू, ते रुसले असले तरी हातोडी धरायला येतात.

जेवतोस का वेळेवर? आक्का म्हणते वाळलास. तुझ्या मामीनं शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवलीय, ती बसवाल्याबरोबर जिंतूरला पाठवतो, शुक्रवारी स्टँडवर जाऊन घे.

तुझा,
मामा