दिव्यांगांचे औषधपाणी : दान की देणे?



लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू एका परुश्याच्या घरी जेवायला गेला आहे. तिथे तो यजमानाला सांगतो की, मेजवानी करशील तेव्हा उलट आमंत्रण देऊ शकणाऱ्या श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. गोरगरिबांना, लुळ्यापांगळ्यांना, आंधळ्यांना बोलाव. हा उतारा आपण दानधर्माचा म्हणून ऐकतो. पण जरा थांबून वाचा. उरलेले अन्न त्यांच्या दारी पोचते कर, असे प्रभू म्हणत नाही. त्यांना बोलाव, म्हणतो. दारात ताट नेऊन देणे वेगळे आणि पंगतीत पाट मांडणे वेगळे.

आजच्या लेखाचा विषय या पंगतीतूनच निघतो. सरकारच्या आरोग्य योजना हीही एक पंगतच आहे, आणि ती आपल्या सर्वांच्या पैशातून उठते. काडीपेटी विकत घेणारा मजूरसुद्धा कर भरतोच. या पंगतीत दिव्यांगांचा पाट कुठे आहे, आणि तो कोणी, कधी उचलला, हे आपण पाहू.

2015 साली केंद्र सरकारने ‘स्वावलंबन आरोग्य विमा योजना’ सुरू केली. अंध, कर्णबधिर, हातापायाने अधू, कुष्ठमुक्त, मतिमंद, मनोरुग्ण अशा व्यक्तींना वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण होते. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत हवे, एवढी अट. हप्त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास, स्वतः भरायचा आणि बाकीचा सरकार भरणार. मोठी गोष्ट ही की, ‘तुला आधीपासून व्यंग आहे’ म्हणून कोणाला परत पाठवायचे नाही. खाजगी विमा कंपन्यांच्या दारात आपल्या माणसांना नेमके हेच ऐकावे लागत होते.

ही योजना फार टिकली नाही. 2018 साली आयुष्मान भारत आली आणि दिव्यांगांसाठीची ही वेगळी योजना काही उरली नाही. आता आयुष्मान भारत मोठी योजना आहे, तिने लाखो गरिबांचे प्राण वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ग्रामीण भागासाठी तिचे निकष 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून घेतले होते. त्यात दिव्यांगांचा निकष होता तो असा : घरात दिव्यांग व्यक्ती असावी आणि धडधाकट प्रौढ माणूस एकही नसावा. म्हणजे आई कपाशी वेचायला जाते, तर ती धडधाकट प्रौढ! तिच्या अंथरुणाला खिळलेल्या मुलाला दिव्यांग म्हणून या निकषात जागा नाही. दुसऱ्या एखाद्या निकषात घर बसले तर बसले. पुढे 2024 च्या ऑक्टोबरात सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न विचारता, या योजनेत घेतले गेले. वृद्धांना मिळाले याचा आनंदच आहे. पण वयाने आलेल्या दुबळेपणासाठी जो दरवाजा उघडला, तो जन्माने आलेल्या दुबळेपणासाठी का उघडत नाही, हे विचारायला हवे.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट न्याय म्हणून सांगितली पाहिजे. आपल्या राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना (2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली होती) 1 जुलै 2024 पासून सर्व रेशनकार्डधारकांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तेव्हा सोनाळ्याच्या माणसाने ‘मी पिवळ्या कार्डात नाही’ म्हणून घरी बसण्याचे कारण नाही. अंगीकृत रुग्णालयात जावे, तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे.

मग कपात कुठे आहे? ती यादीत आहे. ही योजना मुख्यतः खाटेवर दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आणि ऑपरेशनसाठी आहे. दिव्यांग माणसाचा खर्च तसा नसतो. त्याचा खर्च थेंबाथेंबाने होतो. फिट्सचे औषध रोज दोन वेळा, आयुष्यभर. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, तीही शेगाव किंवा खामगावला. सोबत एक माणूस, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. लघवीची नळी, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. जखम चिघळून माणूस दाखल झाला की कागद हलू लागतात. जखम होऊ नये म्हणून लागतो तो पैसा घरच्याच खिशातून जातो.

रोजच्या औषधांचा आणि थेरपीचा विचार करणारी एक योजना आहे, राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना ती लागू आहे. 2008 साली ती सुरू झाली तेव्हा तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये होती आणि पुढे ती एक लाखच राहिली. 2008 साली एक लाखात काय येत होते आणि आता काय येते, हे किराणा दुकानात जाणाऱ्या कोणत्याही भगिनीला विचारा. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन 2012 साली महिन्याला 300 रुपये झाले, तेही त्यानंतर वाढले नाही. वर्तमानपत्रात ‘कपात’ असा मथळा यायला सरकारने काही काढून घ्यावे लागते. पण काहीच न करता नुसते बसून राहिले तरी महागाई ते काम करते, आणि त्याची बातमी होत नाही.

तिसरी कपात कागदाची. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये दिव्यांग हक्क कायद्याचे नियम बदलले. पूर्वी अर्ज केल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र द्यावे असे होते, त्याचे तीन महिने झाले. आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोन वर्षांत निर्णय दिला नाही, तर अर्जच रद्द होऊन पुन्हा करावा लागणार. विलंब त्यांचा, हेलपाटा आपला! सातपुड्याच्या पायथ्याहून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरच्या घरात आहे. ज्याला एस.टी.च्या पायऱ्या चढता येत नाहीत त्याने हा प्रवास किती वेळा करावा?

यावर सरकारी बाजूने दोन उत्तरे मिळतात, आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखी आहेत. पहिले असे की खोटी प्रमाणपत्रे फार झाली. ते खोटे नाही. खोट्या दाखल्यावर नोकरी घेणारा माणूस खऱ्या दिव्यांगाच्या ताटातले खातो, त्याला पकडलेच पाहिजे. पण चोर शोधण्यासाठी गावातल्या प्रत्येक घराचे दार महिनोन् महिने बंद ठेवत नाहीत.

दुसरे उत्तर जास्त वजनाचे आहे : पैसा मर्यादित आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्या संविधानाच्या 41 व्या कलमातही अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे, पण आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. 2016 च्या कायद्याच्या 24 व्या कलमात, इतर सरकारी विम्यात न बसणाऱ्या दिव्यांगांसाठी सर्वंकष विम्याचे नाव आहे. तिथेही क्षमतेची तीच अट. इथे संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार उपयोगी पडतो. देवाणघेवाणीचा न्याय एक आणि वाटपाचा न्याय दुसरा, असे ते शिकवतात. बाजारात ज्याने जेवढे दिले त्याला तेवढे मिळते. पण समाजाच्या सामाईक ठेव्यातून वाटप होते तेव्हा सर्वांना सारखे मोजून चालत नाही, तिथे प्रमाण पाहावे लागते. आई दोन मुलांना वाढते तेव्हा आजारी मुलाचे दूध ती धडधाकटाच्या भाकरीशी तोलत नाही. पाणी कमी आहे हे मान्य. पण म्हणूनच तर पहिला पोहरा कोणाच्या घागरीत, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. विहीर तुडुंब भरलेली असती तर हा प्रश्न पडलाच नसता. टंचाईत सर्वांत तहानलेल्याला मागे सारणे याला काटकसर म्हणता येत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत संदिग्ध नाही. परमगुरू तेविसावे योहान यांनी 1963 सालच्या ‘पाचेम इन तेरीस’ या परिपत्रकात वैद्यकीय उपचार आणि अपंगत्वात आधार मिळणे यांची गणना माणसाच्या हक्कांत केली. त्यांनी ‘हक्क’ म्हटले आहे, भिक्षा नव्हे. आपल्या धर्मभगिनी दवाखाने आणि वसतिगृहे चालवतात, ते प्रेमाचे काम आहे. पण आपले प्रेम हे सरकारच्या अंग काढून घेण्याला निमित्त होऊ नये. जे न्यायाने देणे आहे ते दान म्हणून देऊ नये, असे मला वाटते.

ही लढाई फक्त आपल्याकडची नाही. 2017 साली अमेरिकेत गरिबांच्या व दिव्यांगांच्या ‘मेडिकेड’ योजनेला कात्री लावायचे विधेयक आले, तेव्हा व्हीलचेअरवरील माणसे वॉशिंग्टनमध्ये संसद सदस्याच्या कचेरीबाहेर जाऊन बसली आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेले. ते विधेयक पडले. 2025 साली मात्र मेडिकेडमधल्या मोठ्या कपातीचा कायदा झालाच. तिथल्या महागुरुस्वामींनी या कपातीला विरोध नोंदवला होता. श्रीमंत देशातही पाट असा उचलला जातो.

आणि मागितल्याने मिळते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. 2025 च्या जूनमध्ये अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू यांनी अन्नत्याग केला. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा सहा हजार रुपये ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी राज्याने संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे साहाय्य 1500 वरून 2500 रुपये केले. सहा हजार मिळाले नाहीत, पण हजाराने वाढले. (या पत्रिकेत आपण कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही, घडले ते सांगितले.)

मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणूस तुम्हाला ठाऊक आहे. दारात गर्दी होती. गर्दीतला कोणीही दुष्ट नव्हता, सर्व प्रभूचे वचन ऐकायला आले होते. तरीही त्या माणसाची वाट त्यांनीच अडवली होती. चौघांनी त्याला छपरावर चढवले आणि छप्पर उघडले. मार्क म्हणतो, प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्या एकट्याचा नव्हे, त्या खाट धरणाऱ्यांचाही.

आपल्याला छप्पर उघडायचे ते ग्रामसभेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर : यांपैकी येईल त्या ग्रामसभेला जा आणि विचारा, गेल्या वर्षी हा निधी किती होता, कशावर खर्च झाला, औषधांवर आणि थेरपीच्या प्रवासावर का होऊ नये. प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. एकट्याने विचारले तर हसण्यावारी नेतात. दहाजण उभे राहिले तर वही उघडतात.

ज्यांच्या घरी स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेली किंवा मतिमंद व्यक्ती आहे आणि ‘निरामय’मध्ये नाव नाही, त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांबावे. दिव्यांग प्रमाणपत्र, आधार कार्ड, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स आणाव्यात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला नोंदणीचे 250 रुपये लागतात. ते नसतील त्यांनी मला एकट्याला सांगितले तरी चालेल. युवकांपैकी ज्यांच्याकडे चांगला मोबाईल आहे त्यांनी अर्ज भरायला बसावे. त्याच वेळी आमदार आणि खासदारांना पाठवायच्या निवेदनावर सह्या घेऊ. त्यात तीनच मागण्या आहेत : आयुष्मानमध्ये सर्व दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता घ्यावे, निरामयची एक लाखाची मर्यादा वाढवावी, आणि प्रमाणपत्राचे शिबिर तालुक्यातच, ठरलेल्या तारखेला भरवावे. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू